हाऊसमधल्या पियानोचं कूळ

हाऊस या नृत्यसंगीताच्या गाण्यात पियानो शिरला, की नाचणाऱ्यांचे हात आपसूक वर जातात. ढोलाचे चार ठोके जमिनीवर पडत असतात आणि पियानोचे ठसठशीत स्वर त्या ठोक्यांच्या मधल्या फटींतून उसळत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बोटं चांगलीच तयार असलेला कुणीतरी वाजवतोय. प्रत्यक्षात या पियानोची वाट ज्याने पाडली, त्या माणसाला पियानो धड वाजवता येत नव्हता. म्हणूनच मला ही कथा इतकी प्रिय आहे.

तो माणूस म्हणजे मार्शल जेफरसन. तो शिकागोच्या टपाल खात्यात रात्रपाळी करायचा. वाद्यांच्या दुकानातल्या विक्रेत्याने त्याला यामाहाचा सीक्वेन्सर दाखवला आणि सांगितलं, हे यंत्र असलं की वाजवता येत नसलं तरी चालतं. जेफरसनला ते पटलं. पक्की सरकारी नोकरी असल्यामुळे उधारी सहज मिळाली. सीक्वेन्सरपाठोपाठ कीबोर्ड आले, ड्रम मशीन आलं. मित्र हसले.

विक्रेत्याच्या बोलण्यात तथ्य होतं. सीक्वेन्सर आवाज साठवत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली एवढंच टिपून ठेवतो. जुनी तबकडी जास्त वेगाने फिरवली तर गाणाऱ्याचा आवाज चिरका होतो. सीक्वेन्सरमध्ये लय कितीही वाढवा, सूर जागचा हलत नाही. जेफरसनने पियानोचा तुकडा अगदी सावकाश, चाचपडत वाजवला आणि मग यंत्राला नाचाच्या लयीत पळवायला लावलं. पेटी शिकताना अलंकार आधी विलंबित घोटतात, तसंच हे. फक्त द्रुत लयीपर्यंतची पुढची वाट यंत्राने चालून दिली. टपाल खात्यातले मित्र जोडीला आले, गायला कर्टिस मॅक्लेन उभा राहिला आणि ‘मूव्ह युअर बॉडी’ तयार झालं.

ते गेलं कुठे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1977 मध्ये शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू झाला. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतही समलिंगी तरुण जास्त. फ्रँकी नकल्स तिथे तबकड्या लावायचा. ‘हाऊस’ हा शब्द याच क्लबच्या नावातून सुटून आला. 12 जुलै 1979 रोजी याच शहरातल्या कोमिस्की पार्क मैदानावर हजारोंच्या जमावासमोर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. डिस्को संपल्याचा जल्लोष बाहेर चालला होता, तेव्हा वेअरहाऊससारख्या क्लबांनी तो ठेका सोडला नाही. पुढे म्युझिक बॉक्स या क्लबात तबकड्या लावायला रॉन हार्डी आला. जेफरसनने आपल्या गाण्याची टेप त्याच्या हाती दिली आणि हार्डीने ती त्या रात्री सलग सहा वेळा लावली, असं जेफरसन सांगतो.

तबकड्या काढणाऱ्या ट्रॅक्स रेकॉर्ड्स कंपनीचे लॅरी शर्मन मात्र अडून बसले. पियानो असलेलं गाणं हाऊस कसं, हा त्यांचा सवाल. तोवरचं शिकागोतलं हाऊस म्हणजे प्रामुख्याने ड्रम मशीन आणि बास. पियानो त्यांना परका वाटला. यावर जेफरसनने गाण्याचं उपशीर्षकच ठेवलं ‘द हाऊस म्युझिक अँथम’. 1986 मध्ये तबकडी निघाली. ट्रॅक्सच्या तबकड्या अनेकदा जुन्या तबकड्या वितळवून केलेल्या असत, त्यामुळे त्या खरखरायच्या. त्या खरखरीतूनही पियानो लोकांपर्यंत पोचला.

तीन वर्षांत इटलीतले निर्माते याच चालीचा पियानो घेऊन आले. 1989 मध्ये त्यांच्यातल्या ब्लॅक बॉक्स या गटाचं ‘राइड ऑन टाइम’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर सहा आठवडे होतं. तिथल्या तरुणांना हा सूर इटलीचाच वाटला असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही.

जेफरसनला नाव मिळालं, मान मिळाला. पैशाचं बोलायचं तर 2022 मध्ये, तबकडी निघून 36 वर्षं झाल्यावर, तो आणि शिकागोतले इतर अनेक कलाकार न्यायालयात गेले. मानधन थकवल्याचा त्यांचा दावा ट्रॅक्सविरुद्ध होता.