जाड भिंगाचा चष्मा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आमच्या भागात अजून ऐकू येते. पण पाळणा असतो तान्ह्या मुलांसाठी. ज्यांचे हातपाय थकले, डोळे-कान मंदावले, त्यांच्यासाठी सरकारने आणि समाजाने काय केले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आज तो विचारू या. उत्तर शोधायला एक साधी वस्तू पुरेशी आहे : मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळणारा जाड भिंगाचा चष्मा. गावोगावी त्याला ‘सोडावॉटरचा चष्मा’ म्हणत.

त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग आवरणासकट काढून टाकत. डोळा बिनभिंगाचा होई, म्हणून साधारण दहा नंबरचा चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू मोठी आणि जवळ दिसे. कडेचे मात्र नीट दिसत नसे. माझ्या आजीचे ऑपरेशन असेच एका शिबिरात झाले. ओट्याची पायरी तिला असते त्याहून जवळ दिसे, म्हणून ती आधी काठीने चाचपडून मगच पाऊल टाकी. एकदा चष्मा पडून फुटला आणि नवा येईपर्यंत ती पुन्हा आंधळी झाली. ऑपरेशन यशस्वी झाल्याची नोंद मात्र कागदावर कायम राहिली.

अशा आज्या-आजोबांची संख्या थोडी नव्हती. १९७१ ते ७४ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत देशातले अंधत्वाचे प्रमाण १.३८ टक्के निघाले आणि त्याचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू होते. १९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. शाळांत, धर्मशाळांत, तंबूत शिबिरे भरू लागली. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. शिबिरांनी हजारो घरांत उजेड आणला, हे विसरता कामा नये. पण हिशेब व्हायचा तो ऑपरेशनांचा. म्हातारीला पुढे किती दिसते, याचा नव्हे.

यावरचा उपाय खरे तर सापडलेला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळ्याने ते सहन केले, हे हॅरॉल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरांनी हेरले. १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी तशाच प्लास्टिकचे भिंग थेट डोळ्यात बसवले. परंतु पुढे कित्येक वर्षे असे आयात भिंग शंभर डॉलरच्या घरात मिळे. शेतमजुराच्या आईला ते कोण बसवणार? १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारात ‘ऑरोलॅब’ हा कारखाना निघाला आणि भिंगाची किंमत सुमारे दहा डॉलरवर आली.

भिंग स्वस्त झाले, पण तेवढ्याने काम भागत नाही. इथे सरकारी धोरण उपयोगी पडले. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता. डॉक्टरांना भिंग बसवण्याचे प्रशिक्षण मिळाले, सूक्ष्मदर्शक यंत्रे आली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा अंधत्व नियंत्रण संस्था झाल्या आणि मोफत ऑपरेशन करणाऱ्या सेवाभावी रुग्णालयांना अनुदान मिळू लागले. तपासणी गावात, शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयात, असा पायंडा पडला. जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयासारख्या संस्था अशा कामासाठी मराठवाड्यात ओळखल्या जातात. प्रकल्प २००२ साली संपला, तेव्हा एक कोटी दहा लाखांचे उद्दिष्ट ओलांडून दीड कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१५ ते १९ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलल्याने जुन्या आकड्याशी थेट तुलना करता येणार नाही, पण सोडावॉटरचा चष्मा गावातून जवळजवळ नाहीसा झाला, हे आपण सगळे पाहतोच.

या इतिहासाचा धडा मला आज महत्त्वाचा वाटतो, कारण आता पाळी कानांची आणि गुडघ्यांची आहे. २०१७ साली केंद्राने ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ आणली. कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीमार्फत गरीब वृद्धांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, कवळ्या, चाकाच्या खुर्च्या मोफत मिळू लागल्या. एक वर्ष देखभालही मोफत ठेवली. २०२४ साली महाराष्ट्राने ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ सुरू केली. तीत ६५ वर्षांपुढील, दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांच्या खात्यात अशा वस्तूंसाठी तीन हजार रुपये एकदा जमा करायचे ठरले.

हातात पैसे आले, तर म्हातारा माणूस कुणाच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या गरजेची वस्तू घेऊ शकतो. हा मोठा गुण आहे. कंबरेचा पट्टा, काठी तेवढ्यात येते. पण श्रवणयंत्र ही काठी नव्हे. त्याआधी कान तपासावा लागतो, यंत्र त्या कानाला जुळवावे लागते, सेल बदलावे लागतात, आणि चांगल्या यंत्राला तीन हजार पुरत नाहीत. न जुळवलेले यंत्र नुसतेच खरखरते. मग ते पेटीत जाते आणि आजोबा पुन्हा घरच्यांच्या बोलण्यातून बाहेर पडतात. सरकारदरबारी मात्र ‘लाभ दिला’ अशी नोंद होते.

मोतीबिंदूच्या बाबतीत आपण वस्तू वाटण्यापासून दृष्टी देण्यापर्यंत आलो, त्याला पाव शतक लागले. कानांसाठी तेवढी वाट पाहायचे कारण नाही. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस असावा. त्या दिवशी कान तपासावेत, यंत्र जुळवून द्यावे, वॉकरचे झिजलेले रबर बदलावे. आणि वर्षाअखेर किती वाटले याबरोबर आणखी एक आकडा मागावा : त्यातले किती जण ती वस्तू अजून वापरतात?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)