खडकी ते खोडद : विस्तृत पट्टरुंदीच्या विवर्धकांचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुधा केंद्रांची उद्घाटने आणि अँटेनांचे आकार यांच्या आधारे सांगितला जातो. अँटेनाने टिपलेला अतिशय क्षीण संकेत वापरण्यायोग्य करणारा विवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, या कथनात क्वचितच येतो. वस्तुतः एका वाहिनीतून किती माहिती जाऊ शकेल, हे मोठ्या प्रमाणावर विवर्धकाच्या पट्टरुंदीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील खडकी, आर्वी आणि खोडद या तीन स्थळांच्या आधारे या घटकाच्या विकासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खडकी : अरुंद पट्ट्याचा कालखंड

१९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्यात मार्कोनी पद्धतीची लघुलहरी बीम तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. तारसंदेशास फारच थोडी पट्टरुंदी पुरते. त्यामुळे एकाच वारंवारतेस जुळविलेले निर्वात नलिकांचे विवर्धक पुरेसे ठरत. तंत्रज्ञान आणि यंत्रसामग्री दोन्ही परदेशी होती.

पट्टा रुंद करू जाता नलिकेची अंतर्गत धारिता आड येई. पट्टरुंदी वाढली की गेन घटे. १९३६ मध्ये ब्रिटनमधील पर्सिव्हल यांनी पेटंटद्वारे वेगळी दिशा दाखविली. अनेक नलिकांची धारिता संक्रमण तारेचाच भाग मानली, तर त्यांच्या गेनची बेरीज होऊन पट्टा रुंद राहतो. १९४४ मध्ये फ्रीस यांनी ग्राही यंत्रणेच्या नॉईजचे सूत्र मांडले. पहिल्या टप्प्याचा गेन पुरेसा असेल, तर संपूर्ण यंत्रणेचा नॉईज मुख्यतः त्याच टप्प्यावर ठरतो, हा त्याचा निष्कर्ष होय.

आर्वी : उपग्रहयुग

१९७० च्या दशकाच्या आरंभी जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. १९७१ मध्ये दिवंगत झालेले डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्यास देण्यात आले. सभोवतालच्या डोंगरांमुळे बाह्य संकेतांपासून मिळणारे संरक्षण हा या परिसराचा मोठा गुण होता. इंटेलसॅट उपग्रहांशी संपर्कासाठी वर जाणारा संकेत ६ गिगाहर्ट्झच्या, तर खाली येणारा ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे. प्रत्येक पट्टा ५०० मेगाहर्ट्झ रुंद होता. त्या काळातील अशा केंद्रांत ग्रहणासाठी शीत केलेले पॅरामेट्रिक विवर्धक आणि प्रक्षेपणासाठी शक्तिशाली सूक्ष्मलहरी नलिका वापरल्या जात. दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी संकेत एकाच यंत्रणेतून जाणे शक्य झाले, ते या पट्टरुंदीमुळेच.

खोडद : स्वनिर्मितीचा टप्पा

त्याच जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजेच जीएमआरटी उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ही दुर्बीण २००१ मध्ये राष्ट्रार्पण झाली. तिचा विकास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने केला. सर्वोच्च वारंवारतेच्या मूळ ग्राही यंत्रणेत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचा वाटा होता.

प्रारंभी उपलब्ध पट्टरुंदी ३२ मेगाहर्ट्झ होती. २०१९ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या नवीकरणानंतर ती कमाल ४०० मेगाहर्ट्झ झाली. सुमारे १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे नवे पट्टे आखण्यात आले. २५० ते ५०० हा पट्टा पूर्ण एका अष्टकाचा आहे. वारंवारता दुप्पट होईपर्यंत विवर्धकाची अँटेनाशी जुळणी टिकविणे आणि नॉईज अल्प ठेवणे, अशी दुहेरी कसोटी येथे होती.

रुंद दारातून नको असलेले पाहुणेही येतात. दूरचित्रवाणी आणि मोबाइल मनोऱ्यांचे प्रबळ संकेत विवर्धकास अरेषीय अवस्थेत ढकलतात आणि त्यांच्या मिश्रणातून खोटे संकेत निर्माण होतात. म्हणून नव्या ग्राही यंत्रणेत गाळण्यांना विवर्धकाइतकेच महत्त्व आले. ९०० मेगाहर्ट्झची मोबाइल सेवा उपरोक्त पट्ट्यांमधील रिकाम्या जागेत येते, ही बाब या संदर्भात उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष

खडकीत आपण तयार यंत्र स्वीकारले, आर्वीत विस्तृत पट्ट्याचे जागतिक तंत्र हाताळले, खोडदमध्ये ग्राही यंत्रणेचा आराखडा स्वतः केला. तांत्रिक स्वावलंबनाची ही वाटचाल भव्य तबकड्यांपेक्षा त्यांच्या केंद्रस्थानी असलेल्या लहानशा मंडलात अधिक स्पष्ट दिसते. परंतु अशा मंडलांचे आराखडे, चाचण्यांच्या वह्या आणि तंत्रज्ञांच्या आठवणी ही इतिहासाची साधने आहेत, असे आपण अद्याप पुरेसे मानलेले नाही. अभिकल्पक निवृत्त होतात, जुनी उपकरणे भंगारात जातात आणि पुरावा नष्ट होतो.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतील विद्यार्थ्यास संकेताचे मोल अनुभवाने ठाऊक असते, तेथे विवर्धकाचे प्रात्यक्षिक केवळ आलेख काढून संपू नये. इलेक्ट्रॉनिक्स आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील जुनी यंत्रे, कागदपत्रे आणि मौखिक साक्षी नोंदविण्याचे काम हाती घेतले, तर तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्या महाविद्यालयांतूनही लिहिला जाईल.