उल्हासकाठचा व्यापार आणि जकातीच्या नोंदी

पैसा हेच व्यापाऱ्याचे पहिले भांडवल, असा सर्वसाधारण समज आहे. उल्हास नदीच्या खोऱ्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. कोणता माल कोणत्या बंदरात उतरतो आणि त्यावर जकात किती पडते, याची खात्रीची माहिती असणाऱ्यालाच नव्या व्यापाराची वाट सापडत आली आहे.

उल्हासनगरच्या शेजारचे कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत येथील दानशूर व्यापाऱ्यांचे उल्लेख आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ म्हणजे बंदरोबंदरीच्या आयात-निर्यातीची जणू वहीच होय. भडोचला तांबे, कथील व पोवळे यांना मागणी आहे, तेथून हस्तिदंत, अकीक व सुती कापड मिळते, तांबड्या समुद्रावरील ल्यूके कोमे येथे मालाचा चौथा हिस्सा जकातीत जातो, असा तपशील त्यात येतो. कल्याणविषयी त्याने इशाराच दिला आहे: पूर्वीची ही राजमान्य पेठ आता अडवली गेली असून येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव आहे.

पुढे विसाव्या शतकात जकातीच्या आकड्यांनी अंबरनाथचे रूप पालटले. १९२२ साली परदेशी काड्यापेट्यांवर दर ग्रोसला दीड रुपया आयात जकात बसली. उद्देश सरकारी महसुलाचा होता. परंतु येथे माल धाडणाऱ्या स्वीडिश मॅच कंपनीने त्याचा अर्थ नेमका ओळखला. माल आणण्याऐवजी तो येथेच तयार करण्यासाठी १९२३ साली ‘विम्को’ ही कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पापड, कापड, जीन्स अशा व्यवसायांनी या नगरीने नाव कमावले. यांपैकी एखादा माल परदेशी पाठवू पाहणाऱ्या लहान उद्योजकाला आज कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाचे आकडे उपयोगी पडतात. शिपिंग बिल व बिल ऑफ एंट्री यांवरून ते संकलित होतात. १९८८ पासून अमलात असलेल्या जागतिक वर्गीकरणात मालाचे पहिले सहा अंक सर्व सहभागी देशांत समान असतात. मात्र सहा अंकांवरच थांबणारा फसतो. कारण १९०५९० या क्रमांकाखाली केक-पेस्ट्रीही येतात. पापडाची स्वतंत्र ओळख भारताच्या आठ अंकी १९०५९०४० या क्रमांकातच होते. त्यावरून कोणत्या देशात किती पापड जातो, मागणी वाढते की घटते आणि सरासरी भाव काय पडतो, हे ताडता येते.

या माहितीला मर्यादाही आहे. प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक व भाव उघड करणाऱ्या नोंदींची विक्री होऊ लागल्याने, कायद्याने परवानगी दिल्याखेरीज एखाद्या निर्यातदार वा आयातदाराची अशी माहिती प्रसिद्ध करणे २०२२ मध्ये कस्टम्स कायद्याच्या कलम १३५ एए अन्वये दंडनीय ठरले. एकत्रित आकडे मागणीची दिशा दाखवतात, दुसऱ्याची वही उघडून देत नाहीत. शिवाय आकडे गेल्या हंगामाचे असतात. आजची वाट खुली आहे की नाही, हे बंदरावर विचारूनच कळते. कल्याणची वाट अडल्याची नोंद करणाऱ्या त्या प्राचीन व्यापाऱ्याने हेच जाणले होते.