प्रकाश, छायाचित्र आणि नगरजीवन : मुंबईच्या छायाचित्रणाचा इतिहास आणि सोलापूरच्या संदर्भात काही विचार

प्रस्तावना

'फोटोग्राफ' या शब्दासाठी मराठीत 'प्रकाशचित्र' आणि 'छायाचित्र' असे दोन प्रतिशब्द वापरले गेले. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ 'प्रकाशाने केलेले लेखन' असा असल्याने 'प्रकाशचित्र' हा शब्द मुळाला अधिक जवळचा आहे. तथापि व्यवहारात 'छायाचित्र' हाच शब्द स्थिर झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दोन्ही शब्द ध्यानात ठेवावे लागतात. चित्रात जे दिसते ते प्रकाश पोहोचल्यामुळे दिसते, आणि जे दिसत नाही ते नव्हतेच असे म्हणता येत नाही.

आधुनिक भारताच्या इतिहासलेखनात कागदपत्रे, वृत्तपत्रे, चरित्रे व मौखिक परंपरा यांच्या बरोबरीने छायाचित्र हेही एक साधन मानले जाते. प्रत्यक्षात आपण त्याचा वापर बहुधा ग्रंथाच्या पानांवरील शोभेपुरता करतो. दस्तऐवजाची जशी आपण अंतर्गत व बाह्य चिकित्सा करतो, तशी छायाचित्राची करीत नाही. अशा चिकित्सेचा पहिला प्रश्न 'या चित्रातील प्रकाश कोठून आला?' हा असावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी मुंबई शहर निवडले आहे. पश्चिम भारतातील छायाचित्रणाची पहिली संस्था तेथे स्थापन झाली, आणि गिरणी, चाळ व कामगार यांचे जे नगरजीवन सोलापूरने अनुभवले त्याचे मोठे रूपही तेथेच आढळते. मुंबईच्या इतिहासातून हाती येणारी दृष्टी सोलापूरला कितपत उपयोगी पडते, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

मुंबईतील प्रारंभ : उन्हावर अवलंबून असलेली कला

१८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याची पद्धत जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. तिच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा समावेश होता. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आद्य भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. एल्फिन्स्टन संस्थेत याच सुमारास छायाचित्रणाचे शिक्षण दिले जाऊ लागले आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून पुढे आले. नव्या विद्येकडे पाहण्याची मुंबईकरांची उत्सुकता यावरून स्पष्ट होते.

परंतु ही विद्या सर्वस्वी उन्हावर अवलंबून होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडिअनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्यापूर्वीच धुऊन काढावी लागे. भरपूर प्रकाशातही काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात जो स्थिर राहिला तो चित्रात आला; जो चालत राहिला तो पुसट झाला किंवा नाहीसाच झाला. त्या काळातील मुंबईच्या काही छायाचित्रांत रस्ते ओस पडलेले दिसतात. यावरून शहर निर्मनुष्य होते असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. हमाल, पाणके, गाडीवान, फेरीवाले ही माणसे कामात होती, म्हणजे हालचालीत होती. आणि नेमकी म्हणूनच ती चित्रात उतरली नाहीत. थांबून राहण्याची सवड ज्याला होती, त्याचेच चित्र निघाले.

या तंत्राची दुसरी मर्यादा रंगांविषयीची होती. तत्कालीन काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे उमटे; तांबडे लुगडे व कुंकू काळे दिसे. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या. त्यापूर्वीच्या चित्रातील काळे वस्त्र पाहून वेशभूषेविषयी किंवा शोकाविषयी निष्कर्ष काढताना अभ्यासकाने ही गोष्ट विसरू नये.

दोन ठिकाणांचा प्रकाश

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' प्रसिद्ध केला. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत काढला. या ग्रंथातील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांचे छायाचित्र एका ठिकाणी घेतलेले असून त्यामागे मुंबईतील एखाद्या स्थळाचे वेगळे छायाचित्र जोडले आहे. पार्श्वभूमी शहराची असली तरी माणसे त्या वेळी त्या जागी उभी नव्हती.

हे ओळखण्याचा एक मार्ग प्रकाशाचाच आहे. माणसांच्या अंगावरील उजेड एका दिशेने आणि मागच्या इमारतीवरील ऊन दुसऱ्या दिशेने येत असेल, किंवा पायाशी सावलीच पडलेली नसेल, तर चित्र जोडलेले असण्याचा संभव असतो. शासकांना रयतेचे वर्गीकरण हवे होते. त्यासाठी माणसांना त्यांच्या नित्याच्या जागेतून उचलून 'नमुना' म्हणून मांडले गेले. या चित्रांना दैनंदिन जीवनाचा पुरावा मानणारा अभ्यासक वर्गीकरणालाच जीवन समजण्याची चूक करतो.

चाळीतील अंधार : आरोग्याचा आणि इतिहासाचा प्रश्न

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. कॅप्टन सी. मॉस यांनी त्या काळात घेतलेली छायाचित्रे सुप्रसिद्ध आहेत. त्यांतील घरतपासणीची दृश्ये घराबाहेरील आहेत : दारासमोर उभे पथक, गल्लीत जमलेले लोक. तपासणी ज्या खोल्यांची चालली होती, त्या खोल्यांतील दैनंदिन जीवन आपल्याला दिसत नाही.

साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. प्रकाश आणि हवा हा पुढे नगररचनेचा अधिकृत विषय बनला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. खोलीला आकाशाचा उजेड मिळावयाचा तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्म्या रुंदीची मोकळी जागा मध्ये असावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. दाट वस्तीच्या चाळींत एवढी जागा मिळणे दुरापास्त होते.

छायाचित्रणाच्या इतिहासात या नियमाचा उल्लेख सहसा येत नाही. परंतु तो यावयास हवा. ज्या खोलीत वाचण्यापुरता उजेड नव्हता, तेथे तत्कालीन कॅमेऱ्याला काम करणे कठीणच होते. जमीनमालकी, भाडे आणि दाटी यांनी प्रकाशाची वाटणी आधीच करून ठेवली होती, आणि कॅमेऱ्याने बहुधा तीच वाटणी पुढे चालविली. बंगल्याचा व्हरांडा, कार्यालयाचे प्रांगण आणि स्टुडिओचे काचेचे छत प्रकाशमान असल्याने त्यांची चित्रे विपुल आहेत. चाळीतील स्वयंपाकाची जागा आणि गिरणीतील पाळी यांची विरळ आहेत. अर्थात प्रकाश हे या विरळतेचे एकमेव कारण नव्हे. छायाचित्राचा खर्च, गिरणीमालकांची परवानगी आणि कोणाचे जीवन नोंदण्याजोगे आहे याविषयीच्या समजुती ही कारणेही तितकीच प्रबळ होती. मात्र ही सर्व कारणे अंधाऱ्या खोलीपाशी येऊन एकत्र झाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

छोटा कॅमेरा आणि रस्त्यावरील ऊन

१९२५ मध्ये लायका आणि १९२९ मध्ये रोलिफ्लेक्स हे सुटसुटीत कॅमेरे बाजारात आले. अधिक वेगवान फिल्ममुळे सेकंदाच्या अल्पांशात चित्र घेणे शक्य झाले आणि चालता माणूस प्रथमच सहजपणे चित्रात येऊ लागला.

मुंबईच्या दृष्टीने या टप्प्यावरील महत्त्वाचे नाव होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे आहे. नवसारी येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. स्त्रियांच्या एका सहलीची त्यांनी घेतलेली छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आली व प्रत्येकी एक रुपया मोबदला मिळाला. त्यांची प्रारंभीची अनेक छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईतील सहाध्यायिनी, रस्ते आणि शहरातील नित्याचे व्यवहार टिपले. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढे राष्ट्रीय नेत्यांच्या छायाचित्रांमुळे त्यांची कीर्ती झाली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. नेत्यांच्या चित्रांमुळे त्यांच्या मुंबईच्या चित्रांकडे मात्र काहीसे दुर्लक्ष झाले. वर्गीकरणासाठी मांडलेल्या स्त्रिया आणि उन्हात आपल्या कामाने चाललेल्या स्त्रिया यांतील अंतर पाहावयाचे असेल, तर जॉन्सन यांच्या ग्रंथाशेजारी होमाईंची ही छायाचित्रे ठेवून पाहावीत.

यापुढचा टप्पा अंधारात उतरण्याचा आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेतली. हे कामगार बहुतांशी दलित समाजातील. त्यांचे काम गटारात, कचऱ्याच्या ढिगात चालणारे, आणि शहराने पाहावयाचे टाळलेले. येथे उजेड आपोआप मिळत नाही. छायाचित्रकाराला तो शोधत कामगारांबरोबर तेथवर जावे लागते. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. कॅमेरा आणि फिल्म यांतील सुधारणेने जे शक्य केले, ते प्रत्यक्षात येण्यासाठी सामाजिक दृष्टीही बदलावी लागली, हे या उदाहरणावरून दिसते.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढील शतकभर गिरणीचा भोंगा हेच शहराचे घड्याळ होते. १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे फासावर गेले. या घटनांचा लिखित इतिहास आपल्यापाशी आहे. दैनंदिन जीवनाचा दृश्य इतिहास मात्र तुटपुंजा आहे.

प्रस्तुत लेखकाने इतिहासाच्या वर्गात विद्यार्थ्यांना घरातील सर्वांत जुने छायाचित्र आणावयास सांगितले. गिरणी कामगारांच्या कुटुंबांतून आलेली बहुतेक छायाचित्रे स्टुडिओतील होती : मागे बागेचे चित्र काढलेला पडदा, शेजारी टेबल, अंगावर कोट. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पणजोबा तीस वर्षे गिरणीत होते, पण गिरणीतला त्यांचा एकही फोटो नाही." तिच्या वाक्यात या लेखाचा सारा प्रश्न आला आहे. पणजोबांनी स्वतःसाठी कोट आणि बाग निवडली, हा त्यांच्या आत्मसन्मानाचा पुरावा आहे व तो मोलाचा आहे. परंतु त्यांच्या तीस वर्षांच्या श्रमाचा पुरावा त्यात नाही.

जी छायाचित्रे आहेत त्यांतूनही प्रकाशाच्या आधारे अधिक माहिती मिळविता येते. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या प्रारंभी मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. उरलेल्या वर्षात ती उत्तरेकडे पडते. मुंबईत हेच दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. एखाद्या ओळखीच्या इमारतीसमोरील भर दुपारच्या छायाचित्रात सावली दक्षिणेकडे असेल, तर ते छायाचित्र उन्हाळ्याच्या अखेरचे वा पावसाळ्याच्या पूर्वार्धातील आहे, असे म्हणता येते. ज्या चित्रामागे तारीख लिहिलेली नाही, त्याच्या कालनिश्चितीस हे साधे साधन साहाय्यभूत ठरते.

दुसरी बाब अधिक निकडीची आहे. जुने स्टुडिओ बंद पडले की काचेच्या व फिल्मच्या निगेटिव्ह भंगारात जातात. त्यांबरोबर शहराच्या चेहऱ्यांचा संग्रह नाहीसा होतो. आणि तो पुन्हा निर्माण करता येत नाही.

आजची स्थिती वरवर याच्या उलट वाटते. पूर्व भागातील यंत्रमागाच्या शेडमध्येही आज कामगाराच्या हातात मोबाइल आहे आणि अंधुक उजेडातही चित्र निघते. मात्र मोबाइल हा उजेड बहुधा स्वतः गणित करून वाढवतो. अनेक चित्रे एकत्र करून रात्रीचे दृश्य उजळविले जाते. जॉन्सन यांची जोडचित्रे सावलीवरून ओळखता येत. ही प्रक्रिया डोळ्यांना दिसत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र म्हणून पाठविताना चित्रासोबतची वेळ-स्थळाची मूळ नोंद गळून पडते. चित्रे अगणित आणि त्यांचा संदर्भ शून्य, अशी अवस्था उद्याच्या इतिहासकारापुढे येऊ शकते.

निष्कर्ष

१. छायाचित्रात कोण दिसतो हे छायाचित्रकाराच्या हेतूइतकेच प्रकाशाच्या उपलब्धतेवरही अवलंबून राहिले. आणि नगरातील प्रकाशाची वाटणी ही सामाजिक व आर्थिक व्यवस्थेने ठरविली.

२. जुन्या छायाचित्रातील रिकामा रस्ता, काळे वस्त्र वा कोरे आकाश ही वस्तुस्थिती नसून तंत्राची मर्यादा असू शकते. साधनचिकित्सेत तिचा विचार अनिवार्य आहे.

३. कामगारांच्या दैनंदिन जीवनाची चित्रे विरळ आहेत. या विरळतेचा अर्थ त्यांचे जीवन नोंदण्याजोगे नव्हते असा नसून ते ज्या जागी चालले तेथे उजेड, कॅमेरा आणि आस्था या तिन्ही गोष्टी उशिरा पोहोचल्या, असा आहे.

४. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील कुटुंबांची व बंद पडणाऱ्या स्टुडिओंची छायाचित्रे धारकांच्या संमतीने संगणकीय स्वरूपात जतन करावीत. प्रत्येक चित्रासोबत व्यक्ती, स्थळ, अंदाजे काळ आणि माहिती देणाऱ्याचे निवेदन लिहून ठेवावे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक स्कॅनर, एक नोंदवही आणि चिकाटीचे विद्यार्थी पुरेसे आहेत.

त्या विद्यार्थिनीच्या पणजोबांचे गिरणीतील छायाचित्र आता मिळणार नाही. परंतु त्यांच्याबरोबर काम केलेल्यांची मुले आज वृद्ध आहेत आणि त्यांच्या पेट्यांत छायाचित्रे आहेत. त्या चित्रांतील माणसांची नावे सांगू शकणारी ही शेवटची पिढी आहे. हे काम आपण याच वर्षी हाती घेतले पाहिजे.