नहरीचं गाव

निजामाच्या राज्यात शिकलेले आमचे आजोबा सही मराठीत करत आणि पाढे उर्दूत म्हणत. गावाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात औरंगजेबापासून नाही, मलिक अंबरपासून. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला पोचला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकीला शहर वसवलं. जमीन खडकाळ आणि खाम नदी पावसाळ्यापुरती. एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणणार, म्हणून दरबारी हसले म्हणे.

अंबरनं उत्तरेच्या डोंगरात पाझरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात, म्हणजे नहरीत, गोळा केलं आणि निव्वळ उतारावर गावात आणलं. ना मोट, ना रहाट. वाटेत उंच मनोरे बांधले, कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे. आजोबा सांगत, ‘‘अंबरनं पाण्याला जिना चढायला शिकवलं.’’ ही थाप मला अजून आवडते. पुस्तकांत अंबर भेटतो तो गनिमी काव्यापुरता. त्याची खरी करामत जमिनीखाली आहे.

पुढे त्याच्या मुलानं गावाला फत्तेनगर म्हटलं, १६५३ मध्ये पुन्हा दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबानं आपलं नाव दिलं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, त्याचा मात्र आजोबांना राग होता, जणू आमच्याच घरातली भांडीकुंडी उचलून नेली होती.

आजीचं माहेर गावातल्याच बेगमपुऱ्याचं. तिच्या गोष्टी थत्ते हौदावरच्या आणि पाणचक्कीच्या. डोंगरातून नळानं आलेलं पाणी चक्की फिरवी, शेजारच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जाई. वर पाण्याचं कुंड, त्याच्याच तळाखाली दालन. वैशाखात भर दुपारी तिथली फरशी पायाला गार लागते. निजामाचं राज्य संपवणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनबद्दल विचारलं तर आजी एवढंच म्हणे, ‘‘राज्य बदललं लेका, पण त्या दिशीबी हौदाला पाणी आलंच की.’’

आता पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत. कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एखादाच दिवस. बाकी ड्रम आणि टँकर. नहरीवर घरं उभी राहिली, बोगदे गाळानं बुजले. अंबरच्या जमाखर्चात विजेचं बिल नव्हतं.