कारणाशिवायची सायकल : पौड रस्ता आणि स्त्रियांच्या शर्यतीचा इतिहास

१/ १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर, आणि मार्गात मुळशी व मावळचे चढउतार. शर्यत पुरुषांची होती. ‘सायकलींचे शहर’ म्हणून ज्या पुण्याची ओळख होती, तिथल्या स्त्रिया या इतिहासात कुठे आहेत, याचा शोध घेणारा हा थ्रेड.

२/ ‘स्त्रिया सायकल चालवतच नव्हत्या’ हे उत्तर पुण्याच्या बाबतीत टिकत नाही. कॉलेजला, शाळेत शिकवायला, कचेरीत सायकलने जाणाऱ्या मुली आणि स्त्रिया हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्याचे नित्याचे दृश्य होते. प्रश्न सायकल चालवण्याचा नव्हताच. ती कशासाठी चालवायची आणि कुठवर न्यायची, हा होता.

३/ आधी यंत्राकडे पाहू. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘सेफ्टी’ सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. युरोपात स्त्रियांचे लांब झगे चाकात अडकू लागले, तेव्हा वरची दांडी खाली वाकवून वेगळी ‘लेडीज सायकल’ घडवली गेली. पेहराव बदलण्याऐवजी सायकल बदलली.

४/ गंमत अशी की, कासोट्याच्या नऊवारीत दोन्ही पाय मोकळे असतात. दांडीच्या सायकलीवर बसायला ती सहावारीपेक्षा सोयीची. परंतु पुण्यात सायकल घरोघरी पोहोचली तोवर शहरी मध्यमवर्गातील मुली सहावारीकडे वळल्या होत्या. मग लेडीज सायकल, साखळीवर झाकण आणि पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, हा थाट रूढ झाला. आडव्या दांडीने सांगाड्याला मिळणारा ताठपणा मात्र गेला. कॉलेजपर्यंत उत्तम अशी ही सायकल घाटात शर्यतीसाठी नव्हती.

५/ आता रस्त्याकडे. कोथरूडमधून निघणारा पौड रस्ता चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, पौड असा मुळशी धरणाकडे आणि पुढे ताम्हिणीकडे जातो. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. मावळातील स्त्रियाही त्यात उतरल्या होत्या. जमिनीसाठी बाहेर पडलेल्या स्त्रीला समाजाने मान दिला, कारण तिच्या बाहेर पडण्याला कारण होते.

६/ हा ‘कारणा’चा धागा पुण्यात सर्वत्र सापडतो. महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत रोज पायी जात. पुढे त्यांच्या सूनबाई, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून ओळखल्या गेल्या. शिक्षण, संशोधन, नोकरी अशी कारणे सांगत स्त्रियांनी रस्ता मिळवला. ही लढाई मोठी होती, यात शंका नाही.

७/ शर्यतीला मात्र असे कारण देता येत नाही. रस्त्यावरची सायकलस्पर्धा म्हणजे पहाटे अंधारात निघणे, घाट चढणे, तीन-चार तासांनी घामाघूम होऊन जिथून निघालो तिथेच परतणे. माझी आई १९८०च्या दशकात सायकलने कॉलेजला जात असे. पिरंगुटच्या घाटात कधी गेली होतीस का, असे तिला विचारले. तिने उलट मलाच विचारले, “तिकडे काय काम होतं?”

८/ पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याचे बिरुद ‘घाटाचा राजा’. ‘घाटाची राणी’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर पडलेला नाही.

९/ हे केवळ आपल्याकडचे नाही. १९२४ मध्ये आल्फोन्सिना स्त्रादा ही इटालियन स्त्री पुरुषांच्या ‘जिरो दि’इतालिया’त उतरली आणि अखेरपर्यंत सायकल चालवत राहिली, त्यानंतर तो मान कोणत्याही स्त्रीला मिळाला नाही. स्त्रियांची पहिली जागतिक रस्ता-स्पर्धा १९५८ साली फ्रान्समधील रेंस येथे झाली. लक्झेंबर्गची एल्सी याकोब्स जिंकली.

१०/ ऑलिंपिकमध्ये सायकलिंग १८९६ पासून आहे, पण स्त्रियांची रस्ता-शर्यत आली थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. अंतर पाहा : पुरुषांना १९०.२ किलोमीटर, स्त्रियांना ७९.२. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २७३ आणि १५८. तफावत कमी झाली, संपली नाही. ‘त्यांना झेपणार नाही’ हे गृहीतक नियमपुस्तकातही मुक्कामाला असते.

११/ संघ का लागतो, हेही समजून घ्यायला हवे. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालवले तर वारा अडतो आणि मागच्याचे श्रम सुमारे एक तृतीयांशापर्यंत वाचू शकतात. म्हणून रस्त्यावरची शर्यत एकटीने जिंकणे फार अवघड असते. आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलणाऱ्या सोबतिणी लागतात. आपल्याकडे याला आणखी एक अर्थ आहे. पहाटे पाच वाजता निर्मनुष्य रस्त्यावर एकटीने निघणे आणि सहाजणींनी मिळून निघणे यांत फरक असतो. पुरुषांच्या संघाला जे डावपेच म्हणून लागते, ते स्त्रियांच्या संघाला घराबाहेर पडण्यासाठीच लागते.

१२/ तरीही वाट निघाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला क्रीडासंकुल उभे राहिले. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत जगाला फेरी मारून आली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ साली, पंचेचाळिशीत, लेह ते मनाली अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केले.

१३/ १९२३ आणि २०१८. जगप्रदक्षिणेच्या या दोन प्रस्थानांमध्ये ९५ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळी बळ पायांचेच होते, यंत्रही मूलतः तेच. मधली ९५ वर्षे ‘तिकडे काय काम आहे?’ या प्रश्नाने घेतली. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : वेदांगी आणि प्रीती यांची ही यशे एकट्याने केलेल्या प्रवासांची आहेत. संघ, बंद केलेला रस्ता आणि सुरुवातीची रेषा लागते ती शर्यतीला, आणि तिथे आपण अजून मागे आहोत.

१४/ शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातील रस्ते गुळगुळीत झाले, हे चांगलेच. आज रविवारी पहाटे भूगावच्या पुढे उभे राहिलात, तर पुरुषांच्या घोळक्यांमध्ये हेल्मेट घातलेल्या मुलीही घाटाकडे जाताना दिसतील. त्याच रस्त्याने आठवड्यात खेड्यांतील मुली शाळेत जातात. त्यांतली एखादी उद्या म्हणाली, ‘मला घाट चढून बघायचाय’, तर तिला कारण विचारू नका. कुणाबरोबर जाणार, एवढेच विचारा, आणि सोबत मिळवून द्या.

१५/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील आई, आजी, आत्या, मावशी यांना विचारा : सायकल कुणी शिकवली, कोणती होती आणि ती सर्वांत लांब कुठवर नेली? उत्तरे खाली लिहा. हा इतिहास सरकारी दफ्तरांत फारसा सापडत नाही. तो ज्यांच्याकडे आहे त्या अजून आपल्यात आहेत, तोवर लिहून घ्यायला हवा.