आयसीयूतून घरी आलेला माणूस बदललेला का वाटतो?

नेवासा तालुक्यातला गंभीर रुग्ण बहुतेकदा अहिल्यानगरला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला हलवला जातो. डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. मग लक्षात येतं, उठताना आधार लागतो, नावं आठवत नाहीत, रात्री दचकून जाग येते. हा आळस नाही, वेडही नाही. याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हणतात.

लंडनमधल्या २०१३च्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा आकार अवघ्या १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी ४० टक्के जणांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तीन महिन्यांनंतरही डोक्याला मध्यम इजा झालेल्यांइतकी मंदावलेली आढळली. तरुणही यातून सुटले नाहीत. आयसीयूत रुग्ण जितके जास्त दिवस भ्रमात, तितकं नुकसान जास्त.

म्हणून उपाय आयसीयूतच सुरू व्हावा लागतो. २००९च्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचं गुंगीचं औषध रोज थांबवून लगेच हालचाल करून घेतली. त्यातले ५९ टक्के डिस्चार्जवेळी स्वतःची कामं स्वतः करत होते. उशिरा हालचाल सुरू झालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होतं.

नातेवाइकांनी भेटीत चष्मा, श्रवणयंत्र नेऊन द्यावं, आज वार कोणता ते सांगावं. आणि फेरतपासणीच्या खेपा परवडणार नसतील, तर निघण्यापूर्वीच फिजिओथेरपिस्टकडून घरचे व्यायाम करून दाखवायला सांगावं, मोबाइलवर व्हिडिओही घ्यावा.